खिडकीआधीचा तास

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीपाशी फार लवकर पोचून पदरात काही पडत नाही. व्हिसाच्या मुलाखतीला नेमल्या वेळेच्या जरा आधीच रांगेत घेतात. पण मुंबईच्या ट्रॅफिकच्या भरवशावर कोण राहणार? २०११ पर्यंत हा कारभार ब्रीच कँडीला, वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या महालात होता. तिथं निदान समुद्राचा वारा तरी असेल.

मोबाइल आत नेता येत नाही. तो नसला की हातांचं काय करावं तेच कळत नाही. मग सगळेच फायली चाळतात. डीएस-१६० या व्हिसा अर्जाचं कन्फर्मेशन, पासपोर्ट, बँकेची स्टेटमेंटं. शेजारचे कोल्हापूरकडचे काका तर सातबारा आणि साखर कारखान्याच्या पावत्याही घेऊन आलेत. मुलगा न्यू जर्सीला, सुनेला दिवस गेलेत.

"नुसतं फिरायला जातोय म्हणा," काकू कुजबुजल्या.

"खोटं कशाला बोलू?"

मी मनातून काकांच्या बाजूनं. तिथला कायदा, कलम २१४(ब), प्रत्येक पाहुणा कायमचा राहायलाच येतोय असं धरून चालतो. परत येणार हे आपण पटवायचं, तेही खिडकीसमोर उभ्याउभ्या, दोन-चार मिनिटांत. बहुतेकदा कागद बघतही नाहीत. खरं तर शेतात ऊस उभा असताना शेतकरी दुसरीकडे कुठं रमणार? पण हे त्या काचेपलीकडच्या पोराला कसं सांगायचं!

"आत मराठी चालतं का हो?" काकांनी विचारलं.

चालतं, म्हटलं.

"मग मीच बोलते," काकू म्हणाल्या.