रांचीचा हिब्रूचा पेपर

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये रात्री साडेअकराला रांचीचा मेसेज आला. ‘भाई, तेरे यहाँ कोई ओपनिंग है क्या?’

मी अंथरुणात उठून बसलो. आपण कधीपासून या मेसेजची वाट बघत होतो, हे मला तेव्हा कळलं.

रांची हे माणसाचं नाव आहे. म्हणजे हॉस्टेलवरचं नाव. खरं नाव लिहायचं नाही, अशी त्याची अट आहे. खरं तर तो रांचीचाही नाही, गुमला जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. पण पुण्यातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात झारखंडचा तो एकटाच होता आणि आम्हाला झारखंडातलं एकच गाव माहीत होतं, तेही धोनीमुळे.

चार वर्षं आम्ही एका खोलीत काढली. कॅम्पसमधून एकाच कंपनीत लागलो, हिंजवडीला. अडीच वर्षांनी त्याने राजीनामा टाकला आणि रांचीला लुथरन सेमिनरीत दाखल झाला. पाद्री व्हायला. एक्झिट फॉर्मवर नोकरी सोडण्याच्या कारणांची यादी होती. तिच्यात ‘देवाने बोलावलं’ हा पर्याय नव्हता, म्हणून त्याने ‘हायर स्टडीज’वर टिक केली.

पाद्री म्हटलं की मला दोनच गोष्टी आठवायच्या. हिंदी सिनेमातला कन्फेशन बॉक्स आणि लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. ‘‘म्हणजे आता लग्न नाही?’’ मी विचारलं. तो पोट धरून हसला. ‘‘अरे, लुथर खुद शादीशुदा था!’’ मार्टिन लुथर आधी मठात राहणारा संन्यासी. 1525 मध्ये त्याने मठ सोडून आलेल्या एका ननशी लग्न केलं, त्यांना सहा मुलं झाली. तेव्हा लुथरन पाद्र्याला बायको, मुलं, गॅस सिलिंडर, सगळं असतं.

त्याच्या घरचे कित्येक पिढ्यांपासून ख्रिश्चन, उरांव आदिवासी. बर्लिनच्या योहानेस गोस्नरने पाठवलेले चार मिशनरी 1845 मध्ये रांचीला पोहोचले, त्यातून त्यांचं चर्च उभं राहिलं. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन मिशनऱ्यांना बाहेर काढलं आणि 1919 मध्ये इथल्याच लोकांनी चर्च स्वतःच्या हातात घेतलं. म्हणजे रांचीला धर्म बदलायचा नव्हता, फक्त नोकरी बदलायची होती. तरी घरात वादळ झालंच. आपल्या समाजातून कुणीतरी पाद्री व्हावं असं सगळ्यांना वाटतं, पण ते शेजारच्यांच्या मुलाने. हा घरातला पहिला इंजिनिअर, धाकट्या बहिणीच्या नर्सिंगची फी भरणारा. आई चर्चमध्ये सगळ्यांना अभिमानाने सांगत होती. वडील दोन महिने त्याच्याशी बोलले नाहीत.

मला वाटलं होतं, एवढी मोठी उडी मारल्यावर पलीकडे शांतता असणार. पलीकडे हिब्रू होतं.

रविवारी रात्री आम्ही फोनवर बोलायचो. उजवीकडून डावीकडे वाचायचं, स्वर म्हणजे अक्षरांच्या खाली-वर दिलेले ठिपके आणि रेघा. ‘‘सी प्लस प्लसच्या पॉइंटरला मी फार शिव्या घातल्या रे, आता त्याची माफी मागतो,’’ असं तो म्हणायचा. पहिल्याच वर्षी हिब्रूत नापास झाला. इंजिनिअरिंगला एकही विषय न राहिलेला मुलगा. त्याची पदवी सेरामपूरची असणार होती. मी गूगल करून त्याला सांगितलं, की त्याच सेरामपूरला विल्यम कॅरीने 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं होतं. तो म्हणाला, ‘‘तो फिर उसको हिब्रू भी आता होगा.’’

शनिवार-रविवार त्यांना खेड्यांतल्या मंडळींकडे पाठवायचे. पहिल्या प्रवचनासाठी त्याने वीस मिनिटांची तयारी केली होती. पाय इतके थरथरत होते, की सगळं सहा मिनिटांत संपलं. बाहेर आल्यावर एका म्हातारीने हात धरून सांगितलं, ‘‘अच्छा किया बाबू, जल्दी छोड़ दिया. धान काटना है.’’ हे सांगताना तो इतका खूश होता, की अप्रेझलमध्ये टॉप रेटिंग मिळालं तेव्हाही तसा नव्हता.

पण पुढच्याच महिन्यात आवाज पडलेला असायचा. खिशात पैसे नसायचे. आधी हा घरी पाठवायचा, आता घरून याला यायचे. बहिणीच्या एका हप्त्यासाठी त्याने माझ्याकडून पंधरा हजार घेतले आणि त्यानंतर तीन रविवार फोन उचलला नाही. एकदा म्हणाला, ‘‘संध्याकाळची प्रार्थना माझ्याकडे असते. तोंड बोलतं, आत काहीच होत नाही. कुणीतरी लिहिलेली स्क्रिप्ट रन करतोय असं वाटतं.’’ मी म्हटलं, माझं स्टँडअपमध्ये रोज तेच होतं. तो हसला नाही.

म्हणून सप्टेंबरमधला तो मेसेज. तेव्हा तो तिसऱ्या वर्षाला होता. मी रात्रीच त्याचा जुना रेझ्युमे शोधला, तीन वर्षांच्या गॅपपुढे ‘हायर स्टडीज’ लिहिलं आणि रेफरल टाकलं. मॅनेजरला स्वतः भेटलो. गुरुवारी सकाळी अकराचा इंटरव्ह्यू ठरला.

गुरुवारी अकराला तो आला नाही. सव्वाअकराला नाही, बाराला नाही. फोन बंद. संध्याकाळी मेसेज आला, ‘सॉरी भाई. गाँव में मिट्टी थी.’ धान कापायचंय म्हणणारी ती म्हातारी गेली होती. तिथले पाद्री बाहेरगावी होते, निरोप याच्याकडे आला, आणि त्या गावात नेटवर्क नाही.

मी त्याला फोनवर नको ते बोललो. मॅनेजरसमोर माझं तोंड काय राहिलं, एक मेसेज करायला किती वेळ लागतो, दुसऱ्याच्या आजीसाठी घर बुडव तू. तो फक्त ‘हाँ’ म्हणत होता. नंतर चार महिने आम्ही बोललो नाही.

त्या चार महिन्यांत एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली. माझा राग इंटरव्ह्यूचा नव्हता. रावेतच्या फ्लॅटचा हप्ता, रात्रीचे ऑन-कॉल, वर्षानुवर्षं पुढे ढकललेलं ‘एकदा सोडून बघू’ हे सगळं माझं होतं. तो परत आला असता, तर कुणालाच बाहेर पडता येत नाही हे सिद्ध झालं असतं आणि मी सुटलो असतो. मी मित्राला नोकरी मिळवून देत नव्हतो, साक्षीदार गोळा करत होतो.

जानेवारीत ऑफिसातल्या एकाचं लग्न रांचीला होतं. मी त्याला कळवलं. तो स्टेशनवर मोटरसायकल घेऊन उभा होता. सॉरी वगैरे कुणीच म्हणालं नाही. रविवारी मला त्या गावाला घेऊन गेला. दीड तास, दोन्ही बाजूंना सालाची झाडं आणि कापलेल्या धानाची खोडं. लोक हात मिळवून ‘यीशु सहाय’ म्हणत होते. आमच्या बार्शीकडे माळकरी ‘राम कृष्ण हरी’ म्हणतात, तसं. मीही म्हटलं.

प्रार्थनेनंतर आम्ही त्या म्हातारीच्या घरी गेलो. तिचा नवरा अंगणात ऊन खात बसला होता. रांची त्याच्या शेजारी बसला. मला वाटलं, आता काही तरी धीराचं बोलेल. त्याने बकरीचं विचारलं. ती व्याली होती. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. काळा चहा आला. तासाभराने म्हातारा एकदम म्हणाला, की ती गेल्यापासून चहा गोड होतो, साखर किती टाकायची ते तिलाच माहीत होतं. रांचीने मान हलवली आणि कपातला तो पाकासारखा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. शेवटी दोन ओळींची प्रार्थना केली, आणि आम्ही निघालो.

परतताना मी विचारलं, ‘‘आता प्रार्थना करताना आत काही होतं?’’

‘‘कभी कभी,’’ तो म्हणाला. ‘‘नहीं होता तो भी जाना पड़ता है.’’

मग त्याने त्या पहिल्या चार मिशनऱ्यांचं सांगितलं. 1845 ला आले, आणि उरांवांमधला पहिला बाप्तिस्मा 1850 मध्ये, चार पुरुषांचा. मधली पाच वर्षं एकही उरांव नाही. ‘‘ते लोक रोज सकाळी उठून काय करत असतील, याचा मी फार विचार करतो.’’

‘‘इंटरव्ह्यू पुन्हा लावू का?’’

‘‘रुक जा. मार्च में हिब्रू है.’’

आमच्या रेफरल पोर्टलवर त्याच्या नावापुढे अजून ‘कॅन्डिडेट नॉट रिस्पॉन्डिंग’ असं लाल अक्षरांत दिसतं. मार्चमध्ये तो हिब्रूत पास झाला, काठावर. निकालाच्या रात्री फोन करून त्याने मला हिब्रूतली एक ओळ वाचून दाखवली. मला एक अक्षर कळलं नाही. मी ती त्याला दोनदा वाचायला लावली.