चिखल्याची वाट आणि ताईचा मोत्या

आमच्या वडिलांना दारात कुत्रा आलेला खपत नसे. चाळीतली मुले पिल्लू उचलून आणायची आणि वडील ते परत जिन्याखाली नेऊन ठेवायचे. मारत नसत, पण हातही लावत नसत. कारण त्यांनी एकदाच सांगितले. कोकणात आमच्या गावी खोताचा कुत्रा विहिरीच्या दोणीत तोंड घालून पाणी प्यायचा आणि आमची आजी रिकामी घागर घेऊन लांब उभी असायची, कोणाला दया आली तर वरून ओततील म्हणून. "त्या जनावराचा काय दोष? पण मला बघवत नाही," एवढेच ते म्हणाले.

त्यामुळे डहाणू तालुक्यातल्या चिखले गावी ताईच्या घरी कुत्रा आला, हे कळले तेव्हा मला जरा नवल वाटले. लॉकडाऊनच्या दिवसांत तो आपणहून पडवीत येऊन बसला आणि उठलाच नाही. ताईने नाव ठेवले मोत्या. रंगाने मातकट, एक कान पडलेला. आता आम्ही मुलांना घेऊन थंडीत दोन दिवस जातो ते ताईसाठी, असे आम्ही म्हणतो. मुलगा स्पष्ट सांगतो, मोत्यासाठी.

चिखल्याला जाणे अवघड नाही. २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत जाते. स्टेशनाबाहेरून बोर्डी रस्त्याची रिक्षा धरायची. नरपड मागे पडले की चिखले, पुढे घोलवड आणि बोर्डी. एका हाताला चिकूच्या वाड्या, दुसऱ्या हाताला सुरूची झाडे आणि त्यांच्यामागे समुद्र. या भागातल्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाडीच्या कुंपणाबाहेर पडलेला चिकू मोत्या खातो, बी थुंकतो आणि आपल्याकडे बघतो.

फिरायला निघण्याआधी दाजी कालनिर्णय बघतात. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. आम्ही निघालो त्या दिवशी वद्य चतुर्थी होती. चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सकाळी नऊला ओहोटी. डहाणूच्या किनाऱ्यावर मुंबईपेक्षा थोडी उशिरा धरावी. हा हिशेब किनाऱ्यावरच्या लहान मुलालाही येतो, आम्हा चाळकऱ्यांना येत नाही. इथला किनारा उतरता नाही, सपाट आहे. ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की पाणी नुसती चकाकती रेघ दिसते, आणि भरती येते तेव्हा ती रेघ चालत नाही, पळत येते.

आठ वाजता आम्ही सुरूच्या बनातून निघालो. खाली सुयांसारख्या पानांचा थर, पाय टाकला तर आवाज होत नाही. बन संपले की ओली वाळू, मग वाळू आणि चिखल मिसळलेले मैदान. तिथे थंडीत परदेशी पाखरे उतरतात. तुतवार, कुरव, लांब वाकड्या चोचीचा कोरल. आणि एक चिमुकला पक्षी, चार पावले तुरुतुरु धावून एकदम थांबणारा. त्याचे मराठी नाव चिखल्या! मुलाला हे सांगितले तर तो म्हणाला, "मग हा इथलाच गाववाला." गाववाला कसला, यातले कितीतरी उत्तरेकडच्या थंड मुलखातून हजारो मैल उडून आलेले असतात. चिखलातले किडे आणि गोगलगायी खाऊन त्यांना परतीच्या प्रवासाची चरबी साठवायची असते. कुत्रा मागे लागला की थवा उडतो, पुन्हा बसतो, पुन्हा उडतो, आणि साठवलेले खर्च होते. म्हणून पाखरे दिसली की मोत्याच्या गळ्यात दोरी. मोत्याला हे पटत नाही. सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांजवळही दोरी लागतेच, पण त्याचे कारण वेगळे आहे.

खाडीच्या बाजूला वळले की तिवरांची झाडी लागते. तिवरांची श्वास घेणारी मुळे चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात. भरतीच्या माराला आधी ही झाडी अडते, आणि तिच्या मुळांत मासळीची पिल्ले वाढतात. तिथे निवट्या असतात, चिखलावर उड्या मारणारा मासा. मोत्याने निवटी पाहिली, मुलाच्या हातातली दोरी हिसकली आणि गेला. दहा-पंधरा पावले गेला असेल. मग पोटापर्यंत रुतला. आधी भुंकला, मग भुंकायचा थांबला, तेच जास्त भयंकर होते. मी ओरडेपर्यंत मुलगाही त्याच्यामागे गेलेला. गुडघ्यापर्यंत. एक पाय उपसायला जावे तर दुसरा खोल. माझे घड्याळ साडेदहा दाखवत होते. म्हणजे पाणी परत फिरलेले.

शिंपल्या वेचणारी एक मांगेला बाई लांबून ओरडली, "उभा राहू नको रे, आडवा हो! आडवा!" मुलगा छातीवर पडला. वजन पसरले तसे पाय सुटले. तिने आपली फळी सरकवली. मुलगा फळीवर पोट टेकून मोत्यापर्यंत गेला, पुढच्या पायांखाली हात घालून त्याला ओढून घेतले, आणि आम्ही दोरीने दोघांना खेचले. सगळे मिळून दहा मिनिटे लागली असतील. बाई आम्हाला रागावली, आणि रागवायलाच हवे होते. तिवरात अनोळखी माणसाने शिरू नये. शिरायचेच तर गावातले माणूस सोबत हवे.

मग तिने आपली पाण्याची बाटली मुलाला दिली. तो प्यायला. तिने ओंजळ पुढे केली, त्यात पाणी ओतले आणि मोत्या तिच्या ओंजळीतून चाटून प्यायला. मग उरलेले मला दिले. कोण, कुठले, काही विचारले नाही. ताईचे घर कोणते एवढे विचारले, तेही नंतर.

मला वडील आठवले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्या तळ्यावर गुराढोरांना आणि कुत्र्यांना मज्जाव नव्हता, आपल्याला होता. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मणिभवनात गांधीजींशी बोलताना त्यांनी कुत्र्या-मांजरांचीच तुलना पुढे ठेवली होती. आणि मनूने तर दहाव्या अध्यायात चांडाळाची संपत्ती म्हणून कुत्री आणि गाढवेच नेमून दिली! म्हणजे एकीकडे कुत्रा आमच्या गळ्यात बांधायचा आणि दुसरीकडे त्याला आमच्या वरचे पाणी पाजायचे. वडिलांचा राग कुत्र्यावर नव्हताच. चिखलाने माखलेला मुलगा आणि चिखलाने माखलेला कुत्रा शेजारी शेजारी बसून धापा टाकत होते. वडिलांना ते बघवले असते, असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी बहरोटच्या डोंगरावर गेलो. बोर्डीपासून आठेक किलोमीटर, आसवलीच्या बाजूने वाट. साग, ऐन, खैर. डिसेंबरात पाने अजून झाडावर असतात, फेब्रुवारीनंतर चुरचुरीत होतात आणि वणव्याची भीती असते. निष्कारण वने जाळू नयेत असे अशोकाने आपल्या स्तंभलेखात कोरले, ते विडी ओढत डोंगर चढणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. पावसाळ्यात तर ही वाट नकोच. पावसात भिक्खूंच्या पायांखाली कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवले जातात अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून तथागतांनी वर्षावास सांगितला. आज त्यात निसरडे कातळ आणि कुत्र्याला चिकटणारी गोचीड यांचीही भर घाला. या जंगलात बिबट्या आहे आणि बिबट्याला कुत्रा आवडतो, म्हणून मोत्याला दिवसभर दोरी आणि चारच्या आत खाली.

वर खडकात कोरलेल्या गुहा आहेत. संजाण पडल्यावर पारशी लोक आपला पवित्र अग्नी घेऊन या डोंगरात बारा वर्षे लपून राहिले, असे सुमारे १६०० साली लिहिलेल्या 'किस्सा-ए-संजान' या फारसी काव्यात आहे. तोच अग्नी १७४२ पासून उदवाड्याला आहे. गुहा मुळात बौद्ध भिक्खूंनी कोरल्या असेही सांगतात. मी अभ्यासक नाही, छातीठोकपणे म्हणणार नाही. खात्रीचे हवे तर याच रेल्वेमार्गावर नालासोपाऱ्याला उतरावे. तिथला स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरला.

मोत्याला गुहेबाहेर झाडाला बांधले आणि मुलाला सांगितले की पारशांच्या धर्मात कुत्र्याला फार मान. माणूस गेला की अखेरचे दर्शन कुत्र्याला देतात, त्याला सगदीद म्हणतात. १८३२ साली इंग्रज सरकारने मुंबईतली भटकी कुत्री मारायला काढली तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. मुलगा विचारात पडला. म्हणाला, "मग मोत्याला आत का नाही नेले?" मला उत्तर देता आले नाही. आम्हीच चपला काढून, पटकन पाहून बाहेर आलो.

वरून समुद्र दिसतो. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याच प्राधिकरणाने १९९८ साली वाढवणच्या बंदराला नकार दिला होता आणि २०२३ साली होकार दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणीही झाली. वाढवण चिखल्याच्या दक्षिणेला आहे. नोकऱ्या येतील म्हणणारे आपल्या वस्तीतही आहेत आणि ते खोटे बोलत नाहीत. पण फळी सरकवणाऱ्या त्या बाईचा रोजगार चिखलात आहे, तो बंदरात कोणत्या खिडकीवर मिळेल, हे मला कोणी सांगितलेले नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचलेली असावी. चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे, तिथे लस मिळते. हळद, मिरची भरू नये. आणि कुत्रा लोकलच्या डब्यात नेता येत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

आम्ही सांगितले नव्हते. रविवारी संध्याकाळी दाजी आम्हाला सोडायला रिक्षाने स्टेशनपर्यंत आले, मोत्याही आला. फलाटाच्या तोंडाशी मुलगा त्याची दोरी सोडीना. शेवटी दाजी म्हणाले, "पुढच्या महिन्यात ये. आणि येताना तिथी बघून ये."