काळा पडदा आणि एफ टू

लिनक्स टाकताना लॅपटॉप 'गेला' म्हणून येणारं गिऱ्हाईक मला नवीन नाही. इथे न्यू जर्सीत शिकायला आलेली मराठी पोरं असतात बहुतेक. गेल्या डिसेंबरात आलेल्या मुलीचं प्रकरण मात्र जरा नाजूक होतं. सोमवारी प्रोजेक्ट द्यायचा, तो सगळा विंडोजमध्ये, आणि दुकानदार म्हणाला होता, "मदरबोर्ड बदला, ४०० डॉलर." विद्यार्थ्याला ४०० डॉलर म्हणजे चेष्टा नाही हो!

झालं होतं काय, तर उबुंटू टाकताना अगदी शेवटच्या टप्प्यात बॅटरी संपली. आता चालू केलं की काळा पडदा, त्यावर 'ग्रब' एवढाच शब्द आणि लुकलुकणारा कर्सर. एफ टू दाबून बोटं दुखली, पण सेटिंगचा पडदा काही येईना.

"काका, बायोस उडाला ना?"

नाही गं बाई! बायोस (आता खरं तर यूईएफआय) डिस्कवर नसतोच. तो मदरबोर्डवरच्या वेगळ्या छोट्या चिपमध्ये असतो. आणि ग्रब दिसतोय म्हणजे फर्मवेअर जिवंत आहे, नाहीतर ग्रबला उठवलं कोणी? फास्ट बूट चालू असला की एफ टू दाबायला क्षणभरच मिळतो, काही यंत्रांवर तोही नाही.

तिची भीती अगदीच खोटी नव्हती म्हणा. २०१७ साली उबुंटू १७.१० मधल्या एका ड्रायव्हरने काही लॅपटॉपच्या याच चिपला धक्का लावला होता. बायोसमधले बदल टिकेनात. डिसेंबरात डाउनलोड मागे घ्यावं लागलं, जानेवारी २०१८ मध्ये दुरुस्त आवृत्ती आली. पण ती गोष्ट वेगळी.

काही करण्याआधी तिला बिटलॉकरची किल्ली शोधायला लावली. असल्या उलाढालींनंतर विंडोज ती मागू शकतं, आणि नसेल तर डिस्क धडधाकट असून प्रोजेक्ट गेलाच! तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली, फोनवर. हुश्श.

मग ग्रबपुढे 'एफडब्ल्यूसेटअप' टाइप केलं, रोमन छोट्या अक्षरांत, सलग. एंटर. आला सेटिंगचा पडदा! (नसता आला तर मागचं झाकण उघडून डिस्क काढणार होतो. बूट करायला काहीच सापडलं नाही की बरेच लॅपटॉप आपणहून सेटिंग उघडतात.) बूटच्या यादीत विंडोज वर सरकवलं आणि सेव्ह केलं.

विंडोजने किल्ली मागितलीच. ४८ आकडे! मी वाचत होतो, ती टाइप करत होती. उघडल्यावर आधी प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घेतला. उबुंटूचं म्हटलं बघू सुट्टीत.