लूम थांबले की

आमच्या घरात प्रत्येक भावंडाची भीती वेगळी होती. दादाला झुरळाची, ताईला सुरवंटाची, धाकट्या चुलतभावाला नाकतोड्याची आणि मला गोमेची. गोम कानात शिरते असं कुणीतरी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे पावसाळाभर मी कानावरून गोधडी घेऊन झोपायचे. भिवंडीतल्या कासार आळीतलं कौलारू घर. मागे परस, विहीर, केळी, एक लिंबोणी आणि भिंतीला भिंत लावून लूमचा कारखाना. सत्तर-ऐंशीच्या दशकात तिथे वाढलेल्या आम्हा भावंडांना किडे टाळता येणं शक्यच नव्हतं. ते कौलांतून पडायचे, बंबाच्या लाकडांतून निघायचे, मोरीच्या दगडाखाली तर त्यांचं गावच होतं.

लूमची खडखड रात्रंदिवस चालायची. पाहुण्यांना त्या आवाजात झोप लागत नसे आणि आम्हाला तो थांबला की जाग यायची. लाइट गेली की सगळे लूम एकदम थांबत आणि त्याच क्षणी परसातली किरकिर घरभर भरून जाई. रातकिडे आधीपासून ओरडतच असणार, ऐकू मात्र तेव्हाच यायचे. काका कंदील घेऊन आम्हाला मोरीपाशी नेत. रातकिडा सापडणं कठीण. पाऊल वाजलं की तो गप्प. मग काका वात बारीक करत, आम्हाला उकिडवं बसवत आणि कुणी हूं की चूं करायचं नाही. बऱ्याच वेळाने दगडाच्या फटीत तो दिसायचा. पुढचे पंख जरासे उचललेले, एकमेकांवर घासणारे. हा आवाज नराचा, मादी गप्प असते आणि त्यांचे कान पुढच्या पायांवर असतात, हे काकांनी तिथेच सांगितलं. पायांवर कान! नाकतोड्याला भिणारा आमचा भाऊ तेवढं ऐकून पुढे सरकला आणि कंदील त्याने हातात घेतला. रातकिडा नाकतोड्याचाच भाऊबंद आहे हे काकांनी त्याला मुद्दाम नंतर सांगितलं.

मृग लागला की परसातल्या ओल्या मातीवर मृगाचे किडे निघत. लालभडक, मखमली, शांत. घरातल्या कुणालाच त्यांची भीती नव्हती. आठ पाय मोजून दादाने जाहीर केलं होतं की हा कोळ्याच्या जातीतला आहे, आणि ते बरोबरच होतं. त्याच दिवसांत संध्याकाळी वाळवीची पाखरं दिव्यावर झेप घेत. आई घरातले दिवे मालवून परातीत पाणी घ्यायची आणि मधोमध एक पणती ठेवायची.

आमची खरी शिक्षक मात्र आजी. चातुर्मासात ती एकनाथी भागवत वाचायची. त्यात अवधूताचे चोवीस गुरू येतात आणि त्या चोविसांत मधमाशी, पतंग, कोळी आणि कुंभारीण आहेत. पोथीतल्या गुरूवर चप्पल उगारायची नाही, हा आजीचा नियम. देवघराच्या कोनाड्यात कुंभारणीने घर बांधायला घेतलं की ते पुरं होईपर्यंत तिथे केरसुणी फिरायची नाही. आम्ही लांब बसून बघायचो. मोरीकाठची ओली माती ती जबड्यात धरून आणायची आणि पायांनी थापत कडा वर चढवायची. गळा निमुळता, काठ बाहेर वळलेला, बोराएवढं गाडगं. आत छताला बारीक धाग्याने एक अंडं टांगलं की मग हिरव्या अळ्यांच्या फेऱ्या सुरू होत. त्या अळ्या मेलेल्या नसत. डंखाने लुळ्या पडलेल्या, म्हणून ताज्या राहत. शेवटी तोंड मातीने लिंपून ती निघून जायची, परत यायचीच नाही.

कीर्तनात आम्ही ऐकलं होतं की कोंडलेली अळी ध्यास घेऊन कुंभारीण होते. अंड्याची हकिगत वाचून आलेल्या दादाने ती आजीला सांगितली, तेव्हा आजी म्हणाली, "म्हणजे पोरासाठी शिदोरी बांधून गेली म्हण की!" तिची श्रद्धा तिळभर हलली नाही आणि दादाचं शास्त्रही घरात राहिलं. मला अजूनही ही दोन्ही एकाच घरात नांदू शकतात असंच वाटतं.

दादा पुढे चतुरांच्या मागे लागला. पावसाळा सरता सरता वऱ्हाळा तलावावर त्यांचे थवे यायचे. चतुराची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात, एवढं त्याला तेव्हाही माहीत होतं. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने 2009 मध्ये मांडलं की यांतली एक जात भारतातून समुद्र ओलांडून, मालदीववरून थेट पूर्व आफ्रिकेकडे जाते. ते वाचून दादाने आम्हा सगळ्यांना रात्री फोन केले.

आणि ताई? केसाळ सुरवंट अंगाला लागला तर खाजेने जीव जातो, तेव्हा तिची भीती काही खोटी नव्हती. लिंबोणीवरच्या अळ्यांना मात्र केस नसतात. लहान असताना त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दुबेळकं शिंग बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. ताई हे सगळं हातभर अंतरावरून बघत आली. 2015 मध्ये महाराष्ट्राने नीलवंत हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात.

कासार आळीतलं घर आता नाही. काल्हेर-मानकोलीच्या भातशेतीत गोदामं उभी राहिली. ताई कल्याणच्या फ्लॅटमध्ये राहते, सुरवंटाला अजून हात लावत नाही आणि गॅलरीत कढीपत्त्याची एक कुंडी खास अळ्यांसाठी ठेवते. तुमच्या कढीपत्त्यावरही पानं कुरतडणारी हिरवी अळी दिसली तर औषध मारू नका. पंधरवडाभर तिला खाऊ द्या. कढीपत्त्याला पुन्हा पालवी फुटते.