वैशाखांतील टोमॅटो

खानदेशांत उन्हाळ्यानें टोमॅटोचें झाड सहसा मरत नाहीं. तें फुलतें, परंतु फळत नाहीं. धुळें-जळगांवकडील ज्या वाचकांनीं परसांत चार रोपें लाविलीं असतील, त्यांस हा प्रकार ठाऊक आहे. चैत्रांत पिवळीं फुलें घोसांनीं येतात आणि आठ दिवसांत देठासकट गळून वाफ्यांत पडतात. मग नारायणगांवाकडील माल मिळेल त्या भावानें घ्यावा लागतो. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे वडील तापीकांठीं व पांझराकांठीं बागाईत करतात. उन्हाळ्यांत ज्या घरीं भाजीचे चार पैसे येतात, त्या घरास जूनमधील फी व पुस्तकें जड जात नाहींत. म्हणून हा विषय आम्हांस केवळ वनस्पतिशास्त्राचा वाटत नाहीं.

दोष नेहमीं दुपारच्या उन्हास दिला जातो. ४५ अंशांचें ऊन निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण मोठा घात रात्रीं होतो. कॅलिफोर्नियांत वेंट नांवाच्या शास्त्रज्ञानें १९४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखविलें कीं, रात्रीचें तापमान १५ ते २० अंश असतां टोमॅटोस फळ उत्तम धरतें. वैशाखांत जळगांवीं पुष्कळ रात्रीं पारा २७ अंशांच्याही खालीं उतरत नाहीं! अशा उष्म्यांत पराग नीट पोसत नाहीं, आणि हें नुकसान फूल उमलण्याच्या एक-दोन आठवडे आधीं, कळींतच होऊन गेलेलें असतें. त्यामुळें मध्येंच एखादा दिवस ढगाळ गेला तरी उपयोग नाहीं. कांहीं जातींत स्त्रीकेसराचें टोंक परागकोशांच्या बाहेर डोकावतें. मग असलेला परागही त्यावर पडत नाहीं. हिरव्या जाळीनें दुपार सुसह्य होते खरी, परंतु रात्र तितकीच उष्ण राहते, आणि जाळीस पैसा लागतो तो निराळाच.

तेव्हां उरतो उपाय बियाचा. तैवानांत १९७१ सालीं स्थापन झालेल्या आशियाई भाजीपाला संशोधन केंद्रानें चार हजारांहून अधिक वाण पारखले. उष्म्यांत फळ धरणारे वाण शेंकडा एकाहूनही कमी निघाले. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेचा ‘पुसा सदाबहार’ रात्रीचें तापमान ६ पासून ३० अंशांपर्यंत असतांही फळतो. मात्र उष्णता सोसणाऱ्या झाडांचीं फळें बहुधा लहान असतात, आणि बाजारास मोठें, टणक फळ हवें असतें.

हें वाचून शाळेमागील विहिरीजवळ आम्हीं मुलामुलींसह चार वाफे केले. एका विद्यार्थ्याची आजी जातां जातां म्हणाली, “मास्तर, या ऊनमा टमाटा लागाव नहीत.” आम्हीं तिला बामणोदच्या भरिताच्या वांग्याची आठवण दिली. टोमॅटोचेंच तें भावंड. शेतकऱ्यांनीं पिढ्यानुपिढ्या बी राखलें, म्हणून २०१६ सालीं जळगांवच्या भरीत वांग्यास भौगोलिक मानांकन मिळालें. आजीबाईंचें म्हणणें, वांगें आपलें, टमाटा परका. परंतु मिरचीही त्याच अमेरिकेंतून आलेली, आणि तिजवांचून खानदेशांत कोणाचें जेवण होतें?

भाकीत बहुतांशीं खरें ठरलें. साठ रोपांपैकीं अवघ्या सातांस वैशाखांत फळें धरलीं, तींही सुपारीएवढीं, आंबट, जाड सालीचीं. तरी बी आम्हीं त्यांचेंच राखलें. थंडींतल्या देखण्या फळाचें बी या कामीं निरुपयोगी. पुढील थंडींत त्या बियांच्या झाडांचा मोठ्या फळाच्या झाडाशीं संकर केला. उद्यां उमलणारी कळी सायंकाळीं चिमट्यानें उघडून परागकोश काढावयाचे, सकाळीं दुसऱ्या झाडाचा पराग बोटानें लावावयाचा आणि देठास दोरा बांधून खूण करावयाची. नववीच्या मुलींचा हात यांत आमच्याहून स्थिर!

पावसाळ्यांत पहिली पिढी वाढविली; तिचीं झाडें बरींचशीं सारखीं निघालीं. दुसऱ्या पिढींत मात्र एकाचा मेळ दुसऱ्याशीं नाहीं. कोठें फळ मोठें, पण फुलें गळालेलीं. कोठें घोस भरलेला, पण फळ बोराएवढें. दोनच झाडांवर लिंबाएवढीं फळें वैशाखभर टिकलीं. वाण स्थिर होण्यास अशा सहा-सात पिढ्या निवडाव्या लागतात, आणि परीक्षा वर्षांतून एकदांच, वैशाखांत. ज्या मुलांनीं पहिले वाफे खणले, तीं तोंवर शाळा सोडून गेलेलीं असतील.

त्या दोन झाडांचें बी चिठ्ठ्या लावून प्रयोगशाळेच्या कपाटांत ठेविलें आहे, माघांत पेरावयाचें. ज्या पालकांच्या मळ्यांत उन्हाळ्यांत पाणी टिकतें, त्यांनीं दहा-दहा रोपांपुरतें मागून न्यावें. मात्र किती फुलांस किती फळें धरलीं, हें वैशाखांत झाडागणिक मोजून आम्हांस कळवावें लागेल.