फेल्ड : शून्य

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि माझ्या टेबलापुढे जुन्या पीसींची रीघ लागली. मशिनं धडधाकट, पण टीपीएम २.० नाही म्हणून विंडोज ११ घेईनात. मग नवा पीसी, आणि जुन्यातला डेटा त्यावर न्यायचं काम माझं. रोबोकॉपी लावायची, लॉगमध्ये ‘फेल्ड’खाली शून्य आलं की स्क्रीन गिऱ्हाइकाकडे फिरवायची. गेली वीस वर्षं ते शून्य मी मिशीला तूप लावून दाखवत आलो.

एका निवृत्त सरांनी गावाचा इतिहास टाइप केलेला, तीनशे पानं. फायली मोजून जुळल्या, साइझ जुळली. त्याच संध्याकाळी मी जुनी डिस्क फॉरमॅट केली. सकाळी सरांचा फोन : “अहो, माझं मराठी कुठं गेलं?” उघडून पाहतो तर पानभर इंग्रजी अक्षरांचा काला.

हाताखालच्या पोरानं वर्डमधल्या फाँटच्या चौकटीवर बोट ठेवलं. “दादा, नाव दिसतंय. पण फाँट कुठाय?”

फाँट होता विंडोजच्या फोल्डरात. मी फक्त ‘युजर्स’ उचलतो. विंडोजचं विंडोजपाशी, हा धडा त्या पोराला मीच तोऱ्यात दिलेला. पण सरांच्या फायलीत मराठी कधी नव्हतंच. होती ती इंग्रजी अक्षरं. त्यांना मराठी रूप द्यायचा तो फाँट. मग सरांचं काय आणि विंडोजचं काय? रात्री जेवतानाही हेच डोक्यात.

कन्व्हर्टर लावून पाहिला. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडात नेमकं उलटं. एका ‘कार्तिक’मध्ये दोन्ही एकाच अक्षरावर, आणि सरांच्या गावची जत्रा कार्तिकातली. पानोपानी विस्कटलं.

पलीकडच्या गल्लीतला दुकानदार अख्खी डिस्क क्लोन मारतो, कचऱ्यासकट. त्याला मी आजवर नावंच ठेवली. सर त्याच्याकडे गेले असते तर फाँट आपोआप आला असता. हे मी पोरापुढे बोललो नाही.

फाँट शेवटी एका लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या जुन्या पीसीवर सापडला. सरांकडे जाऊन पोरानंच तो बसवला. मी दुकानात थांबलो.