आणखी किती दिवस?

मराठीत ‘बेकार’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. ज्याला काम नाही तो बेकार, आणि जे काही कामाचे नाही तेही बेकार. पेन लिहीनासे झाले की आपण त्याला बेकार म्हणतो, आणि शेजारचा पदवीधर मुलगा घरी बसला की त्यालाही बेकारच म्हणतो. पहिला अर्थ परिस्थितीचा आहे, दुसरा माणसाच्या किमतीचा. नोकरी गेल्यावर काही महिने माणूस पहिल्या अर्थाने बेकार असतो. पुढे केव्हातरी, नेमके कोणत्या दिवशी ते कुणालाच सांगता येत नाही, लोक त्याला दुसऱ्या अर्थाने बेकार समजू लागतात. बेकारभत्ता किती दिवस द्यावा या प्रश्नावर जगात जे वाद झाले, ते वाचताना मला हा आपला मराठी शब्द सारखा आठवत राहिला.

तृतीय वर्षाला अर्थशास्त्राच्या तासासाठी प्रत्येकाने एका वादग्रस्त विषयावर टिपण लिहायचे होते. मी अमेरिकेतील बेकारभत्त्याच्या मुदतवाढीचा वाद निवडला. मैत्रिणींनी विचारले, “एवढ्या लांबचा विषय कशाला घेतलास?” लांबचा का वाटला नाही, ते पुढे ओघाने येईलच.

अमेरिकेत बेकारांच्या विम्याचा पहिला कायदा विस्कॉन्सिन राज्याने १९३२ साली केला आणि १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने ती पद्धत देशभर नेली. मालकांकडून कर घ्यायचा आणि नोकरी गेलेल्या कामगाराला त्यातून दर आठवड्याला काही रक्कम द्यायची, असा तिचा साधा हिशेब आहे. बहुतेक राज्यांत ही मुदत २६ आठवड्यांची असे. मंदी आली की सरकार ती तात्पुरती वाढवी. २००८ च्या मोठ्या मंदीत जूनमध्ये अशी वाढ झाली आणि ती वाढत वाढत काही राज्यांत ९९ आठवड्यांपर्यंत गेली. ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारीचे प्रमाण १० टक्क्यांवर पोचले होते. २०१० मध्ये तर दर दहा बेकारांपैकी चारांहून अधिक माणसे सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ कामाविना होती.

पुढे मंदी ओसरली, बेकारी घटली, आणि २८ डिसेंबर २०१३ रोजी ही मुदतवाढ संपू दिली गेली. सुमारे १३ लाख लोकांचा भत्ता एकदम थांबला. त्या महिन्यात बेकारीचे प्रमाण ६.७ टक्के होते. मग वाद पेटला. ७ एप्रिल २०१४ रोजी सिनेटने ५९ विरुद्ध ३८ मतांनी मुदतवाढीचे विधेयक मंजूर केले. प्रतिनिधिगृहाने ते मतदानाला घेतलेच नाही. विषय तिथेच मिटला.

विरोधकांचे म्हणणे आपल्याला नवे वाटणार नाही. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. तीच त्यांनी आकडेवारीच्या भाषेत मांडली. केंटकीचे सिनेटर रँड पॉल यांचे म्हणणे असे की २६ आठवड्यांचा भत्ता ठीक आहे, पण त्यापुढे देत राहिलात तर त्या कामगारांचेच अहित कराल. कारण जो फार दिवस घरी बसला त्याला मालक कामावर घेत नाहीत. शिवाय वर्षभराच्या मुदतवाढीला सुमारे २५ अब्ज डॉलर लागणार होते. ते कुणाच्या खिशातून येणार, हा प्रश्न काही अन्यायाचा नाही.

मालक घेत नाहीत हे मात्र खरे निघाले. अमेरिकेतल्या शंभर शहरांत संशोधकांनी खोट्या नावांचे अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण तेच, अनुभव तोच, फक्त बेकारीचा काळ कमीजास्त. जितका काळ जास्त तितकी बोलावणी कमी आली, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच झाली. पण यातून भत्ता बंद करावा असा निष्कर्ष कसा निघतो, ते मला कळेना. दार बाहेरून बंद असेल, तर आतल्या माणसाला उपाशी ठेवल्याने ते उघडणार नाही.

अर्थशास्त्रज्ञ जेसी रोथस्टीन यांनी याच मुदतवाढीचा अभ्यास केला होता. त्यांच्या हिशेबाप्रमाणे २०११ च्या सुरुवातीला तिच्यामुळे बेकारीचे प्रमाण फार तर ०.१ ते ०.५ टक्क्याने वाढले असावे, आणि त्यातलाही निदान निम्मा भाग वेगळ्याच कारणाचा होता. भत्ता घेणाऱ्याला काम शोधत असल्याचे दाखवावे लागते. भत्ता चालू असेपर्यंत माणूस शोधत राहतो. बंद झाला की त्यातले काहीजण शोधणेच सोडतात. आणि शोधणे सोडलेला माणूस सरकारी गणतीत बेकार राहत नाही! आकडा खाली येतो, माणूस होता तिथेच असतो. मला या वादातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटली. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भत्ता थांबल्यामुळेच २०१४ मध्ये सुमारे १८ लाख जणांना काम मिळाले, असा दावा दुसऱ्या काही अभ्यासकांनी केला. इतरांनी वेगळी आकडेवारी घेऊन तो खोडून काढण्याचा प्रयत्न केला. तो वाद तज्ज्ञांत अजून मिटलेला नाही.

पण आकड्यांनी माझे समाधान होईना. समाजशास्त्राच्या सरांनी तेव्हा एक जुने पुस्तक वाचायला सांगितले. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे गाव आहे. तिथली कापडगिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या तरुण अभ्यासकांनी तिथल्या ४७८ कुटुंबांची पाहणी केली आणि १९३३ मध्ये ती प्रसिद्ध केली.

त्यांना वाटले होते की रिकामा वेळ मिळालेली माणसे वाचतील, सभांना जातील. घडले उलटेच. गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुष रस्त्याने थांबत थांबत चालत. लगबग असे ती फक्त बायकांची, कारण त्यांचे घरकाम काही बंद पडले नव्हते. भत्त्याचे नियमही मोठे कडक. एकाने झाडे तोडायला मदत करून मोबदल्यात जळण घेतले, त्याचा भत्ता गेला. एका बाईने दूध पोचवून मुलांसाठी थोडे दूध घेतले, तिचाही गेला. रस्त्यावर बाजा वाजवून चार पैसे मिळवणाराही सुटला नाही. हातपाय हलवणाऱ्यालाच शिक्षा होईल अशी व्यवस्था करायची, आणि वर भत्त्याने माणूस आळशी होतो म्हणायचे, याला काय म्हणावे?

या अभ्यासकांनी कुटुंबांचे चार गट पाडले: तग धरून असलेली, निमूट झालेली, हताश झालेली आणि पार विझलेली. मग दर खाणाऱ्या माणसामागे महिन्याला किती पैसे येतात ते पाहिले. तग धरलेल्यांकडे सरासरी ३४ शिलिंग, निमूट झालेल्यांकडे ३०, हताशांकडे २५, आणि विझलेल्यांकडे १९. कुणी म्हणेल, मन खचले म्हणून पैसे कमी झाले असतील. पण गिरणीच बंद होती. भत्ता किती आणि कधीपर्यंत, हे कायद्याने ठरत होते, कुणाच्या उमेदीवर नव्हे. ३४ आणि १९ यांच्यामध्ये फक्त १५ शिलिंगांचे अंतर आहे. तेवढ्यात एक घर उभे राहत होते आणि दुसरे बसत होते.

आता हा विषय मला लांबचा का वाटला नाही, ते सांगते. आमच्या गावाबाहेरची सूतगिरणी तीन वर्षांपूर्वी बंद पडली. माझा थोरला भाऊ तिथे रिंगफ्रेम खात्यात अकरा वर्षे जॉबर होता. आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा योजनेत २०१८ पासून बेकारांसाठी एक तरतूद झाली: विमा असलेल्या कामगाराला आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत मदत. दादाला ती मिळाली. ९० दिवस संपले. पुढची मुदतवाढ आमच्या घराने दिली.

आपल्या देशात बहुतेकांचा बेकारभत्ता घरच देते. कुणाचे वडील निवृत्तिवेतनातून देतात, कुणाची बायको शिवणकाम करून देते, कुणाची आई डब्यातले चार पैसे हळूच हातावर ठेवते. त्याची नोंद कुठल्याही अंदाजपत्रकात होत नाही. पण वाद मात्र तोच होतो, घरोघरी, रात्रीच्या जेवणानंतर.

आमच्याकडे दादाला दरमहा दीड हजार रुपये मिळतात. एस.टी.चे भाडे, झेरॉक्स, मोबाइलचा रिचार्ज, कधी कुणाला भेटायला गेल्यावर पाजावा लागणारा चहा. दुसऱ्या तालुक्यातल्या गिरणीत जागा आहे असे कळले तरी तिथवर जायला भाडे लागतेच. अण्णा म्हणतात, “पैसे बंद करा, आपोआप हातपाय हलवील. आणखी किती दिवस?” आई म्हणते, “पैसे बंद केलेत तर तो घराबाहेर तरी कसा पडेल?” वहिनी काही बोलत नाहीत. त्या दोन घरचा स्वयंपाक करतात आणि परत आल्यावर आमचा.

अण्णांना मी कठोर म्हणणार नाही. ते एस.टी.त कंडक्टर होते, त्यांचे निवृत्तिवेतन तुटपुंजे आहे, आणि त्यातूनच माझ्या एम.ए.ची फीही भरायची आहे. दादाचे दीड हजार आणि माझी फी एकाच पिशवीतून निघणार आहेत. म्हणजे या वादात मी तटस्थ नाही. भत्ता बंद झाला तर फायदा माझाच आहे. तरीही माझे मत भत्ता चालू ठेवावा असेच आहे, आणि ते केवळ बहिणीच्या मायेचे नाही.

मुदत संपवायची असेल तर ती दिनदर्शिका पाहून संपवू नये, बाहेर पाहून संपवावी. गिरण्या चालू असतील, जागा निघत असतील आणि माणूस जात नसेल, तर अण्णांचे बरोबर आहे. पण एका जागेसाठी पन्नास जण उभे असतील, तर ४९ जण परत येणारच. त्या ४९ जणांना आळशी ठरवून पन्नासावी जागा निर्माण होत नाही. दादा गेल्या महिन्यातही दोन ठिकाणी जाऊन आला. एका ठिकाणी त्याला विचारले, “तीन वर्षे काय करत होतात?” तो म्हणाला, “काम शोधत होतो.” ते म्हणाले, “कळवू.”

मी अण्णांना मारिएनथालच्या चार गटांची गोष्ट सांगितली. त्यांनी ३४ आणि १९ हे आकडे दोनदा विचारून घेतले. मग म्हणाले, “आपला पोरगा कुठल्या गटात?” मी म्हटले, “अजून जातो आहे ना बाहेर? म्हणजे पहिल्याच.” ते काही बोलले नाहीत.

अण्णांनी आधी अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत घातली होती. ती टळून गेली. आईने दिवाळीपर्यंत वाढवून मागितली आहे. म्हणजे आमच्या घरच्या सिनेटमध्ये ठराव मंजूर झाला आहे. प्रतिनिधिगृहाने अजून मत दिलेले नाही. पण गेल्या एक तारखेला दीड हजार रुपये दादाच्या शर्टाच्या खिशात होते, आणि ते आईने ठेवलेले नव्हते.